बारवीचा पावसाळी स्वयंसेवक

जुलैतला रविवार उजाडला की बदलापूर स्टेशनबाहेर तो हमखास दिसतो. पायात ट्रेकिंगचे बूट, गळ्यात शिट्टी, अंगात मंडळाचे नाव छापलेला टीशर्ट आणि हातात कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा गठ्ठा. बारवी धरणाची पातळी चढू लागली, की याची सेवावृत्तीही काठोकाठ भरते.

आकडे त्याला तोंडपाठ. धरण एमआयडीसीचे, 1972 सालचे. उंची वाढवल्यावर आता 72.60 मीटरला भरून वाहते, दरवाजे स्वयंचलित. हे सगळे तो वाटेत रिक्षावाल्याला ऐकवतो. रिक्षावाला तोंडलीकडचा, त्याचे घर याच उंचीवाढीत पाण्याखाली गेलेले. तो नुसता "हो का दादा?" म्हणतो आणि गिअर बदलतो.

दादांची खरी मालमत्ता म्हणजे 27 जुलै 2019. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. चहूकडे पाणी आणि मधोमध हजारावर प्रवाशांचे बेट! एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आले, चामटोलीचे गावकरी मदतीला धावले. आपले दादा तेव्हा लोकल बंद म्हणून डोंबिवलीत घरी भजी खात होते. पण दरवर्षी गोष्ट सांगताना ते थोडे थोडे पुढे सरकतात. गेल्या पावसाळ्यात अंबरनाथपर्यंत पोचले होते. यंदा थेट बोटीत आहेत.

मग धरण परिसरात जमावबंदीचा आदेश निघतो. पूर्वी कलम 144 असायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 163. कलम बदलले, दादा बदलले नाहीत. हुल्लडबाज पर्यटकांना अडवायला ते शिट्टी फुंकत नाक्यावर उभे राहतात आणि पहिले अडवले जातात ते स्वतःच.

"साहेब, आम्ही सेवेला आलोय!"

"मग घरूनच करा सेवा. चला, मागे फिरा."

तरीही आडवाटेने ते पाड्यावर पोचतात. निसरड्या बांधावरून घसरलेल्या दादांना तिथली मावशी हात देऊन उभे करते, चहा पाजते, बूट चुलीजवळ वाळत घालते. पिशवीत गोळा झालेला कचरा म्हणजे मंडळानेच सकाळी वाटलेल्या वडापावचे कागद.

"मावशी, काही लागलं तर हक्कानं सांगा," निघताना दादा गहिवरतात.

"मे महिन्यात या की. विहिरीतला गाळ काढायचाय. पाण्याचे लई हाल होतात तेव्हा."

मे महिन्यात दादांचे मनालीचे बुकिंग असते. पण ते मावशीची मागणी तिथल्या तिथे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, आणि बदलापूर येईपर्यंत तिच्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडतो.