शनीच्या वहीत नसलेला खडा

— वहिनी, कोपऱ्यावरच्या बाईंचं कळलं का?

— आता काय झालं, ताई?

— लेक टांझानियात आहे ना त्यांचा? त्याने जांभळट निळ्या खड्याची अंगठी पाठवलीय. बोटात घालायची सोडून या ती तीन रात्री उशीखाली घेऊन झोपल्या!

— नीलम ना, शनीचा खडा? मग तसंच करतात. वाईट स्वप्नं पडली तर लाभत नाही म्हणायचं.

— पडणारच! बोम्मसंद्र्यात रात्रभर ट्रकांची घरघर, झोप कुठे धड लागते? आणि नीलम नाहीच मुळी तो. टांझानाइट आहे. किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांत मिळतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. सापडला तोच १९६७ साली. नवग्रहांची रत्नं ठरली तेव्हा याचा जन्मदाखलाच नव्हता, शनी कशाला याच्या भानगडीत पडेल?

— दिसतो तर हुबेहूब नीलम.

— नीट बघा. खिडकीशी निळा, पिवळ्या दिव्याखाली जांभळा. नुसता फिरवला तरी रंग पालटतो. नीलमाला इतके नखरे जमत नाहीत.

— तुम्हाला बरं ठाऊक!

— मावसभाऊ जयपूरला खड्यांच्या धंद्यात आहे. तिकडे हे खडे पैलू पाडायला येतात. खाणीतून निघतात तेव्हा बहुतेक तपकिरीच असतात म्हणे. पाचशे-सहाशे अंशांवर तापवले की निळे होतात. आतल्या व्हॅनेडियमची करामत.

— म्हणजे रंगवलेला?

— छे हो! रंग त्याचाच, आणि टिकाऊ. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने १९६८ साली टांझानाइट नाव देऊन बाजारात आणला, तेव्हापासून भाव खातोय.

— मग घालावी की रोज.

— रोज नको. कठीणपणात नीलम नऊ, हा साडेसहाच्या आसपास. ओट्यावर आपटला की चीर गेलीच. एकदम गरम-गार सोसत नाही. सराफाच्या थरथरत्या मशीनमध्येही टाकायचा नाही, कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. खरं तर कानातले नाहीतर पेंडंट करावं.

— त्या काय करणार आता?

— शनिवारी जयनगरला जाऊन मोडणार म्हणतात. मेट्रोची पिवळी लाइन झाल्यापासून सराफ अगदी दारात आलाय ना!

— अहो, मग सांगा त्यांना हे सगळं!

— सांगते हो. आधी विचारते, कितीला देताय म्हणून.