वंशावळवाले अण्णा

मामलेदार कचेरीत उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार नोंदवून निवृत्त झालेल्या गृहस्थास आपल्या कुळाचाही सातबारा एकदा तपासून पाहावा अशी बुद्धी ज्या दिवशी होते, त्या दिवसापासून त्याच्या आप्तस्वकीयांनी सावध राहावे हे उत्तम. नाशकात अशा गृहस्थांची वाण नाही. त्या सर्वांचे मुखत्यार म्हणून वंशावळवाले अण्णा पुरेत.

घराणे पेशवाईतले, ही प्रतिज्ञा अण्णा लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येण्यापूर्वीच मांडीत. मूळपुरुष १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर धारातीर्थी पडले. त्यांचे चिरंजीव आनंदवल्लीस राघोबादादांच्या तैनातीत होते, मात्र १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा वध झाला तेव्हा ते नेमके काशीयात्रेस गेले होते. सनदा कोठे आहेत असे कोणी विचारलेच, तर १८५२ च्या इनाम कमिशनाने नेल्या, हे उत्तर तयार असे. त्या कमिशनाने जितकी इनामे खालसा केली, त्याहून अधिक घराण्यांची अब्रू राखली असावी!

तोंडी हकिकतीस दस्तऐवजाची जोड हवी, म्हणून अण्णा रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. यात्रेकरूने यावे, श्राद्ध वा अस्थिविसर्जन आटोपावे आणि गाव, गोत्र, पूर्वज, बायकामुले यांची नावे वहीत लिहून खाली सही करावी, हा तेथला पिढीजात शिरस्ता. गुरुजींनी गाव व उपनाव विचारले, तांबड्या फडक्यातली वही सोडली आणि मोडी ओळींवरून बोट फिरवीत ते म्हणाले, "शके १६८७. तुमच्या मूळपुरुषांचाच लेख. स्वदस्तुर."

शके १६८७ म्हणजे इसवी १७६५. पानिपतावर देह ठेवल्यानंतर चार वर्षांनी या वीराने गोदास्नान केले होते आणि त्याच्या अक्षरात यत्किंचितही कंप नव्हता. पुढे तीन स्त्रियांची नावे होती. दोघींपुढे 'भार्या' असे लिहिलेले, तिसरीपुढे काहीच नाही.

"या कोण, गुरुजी?"

"लिहिणाऱ्याने लिहिले नाही, अण्णा. आम्हीही विचारीत नाही."

आनंदवल्लीच्या चिरंजीवांच्या नावाशी 'दत्तपुत्र' हा शब्द मात्र ठसठशीत होता. आणि सख्ख्या भाचीस सांगून आलेले स्थळ, मुलगा दत्तक आहे एवढ्याच सबबीवर, याच अण्णांनी मोडले होते.

यथावकाश अण्णांचा कुलवृत्तान्त छापून निघाला. त्यात मूळपुरुष पानिपतावर केवळ जखमी झाले आहेत, तिसऱ्या बाई विधवा आत्याबाई ठरल्या आहेत, आणि 'दत्तपुत्र' यातील पूर्वार्ध मुद्रकाच्या हातून गळाला आहे. वहीस हे तारतम्य नाही. ती सही करणाऱ्याची जबानी ठेवते, वंशजाची फिर्याद ऐकत नाही. तेव्हा ज्यांना पूर्वज हवे असतील त्यांनी खुशाल रामकुंडावर जावे. ज्यांना सरदारच हवे असतील, त्यांनी घरी बसून लिहावे.