श्री. महोदय यांस, मुक्काम अर्जाची डावी बाजू

श्री. रा. रा. महोदय यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आजवर तुम्हाला अर्ज पुष्कळ केले, पत्र मात्र कधी लिहिलं नाही. नळाच्या जोडणीपासून जीएसटीपर्यंत आणि मुलाच्या शाळेतल्या रजेपासून आजेसासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत जे मागायचं ते तुमच्याकडेच. 'महोदय, सविनय निवेदन है...' मग टेबलापलीकडे कोण का बसलेलं असेना. मागे एका कार्यालयात पलीकडे चांगल्या दणदणीत बाई बसल्या होत्या. अर्ज लिहून देणाऱ्यानं त्यांच्याकडे बघत बघत 'महोदय' लिहिलं. त्यांनी वाचलं, सही ठोकली. दोघांनाही काही खटकलं नाही. मला खटकलं, पण माझं काम अडलेलं होतं.

गंमत अशी, की वरच्या ओळीत तुम्ही अढळ असता आणि खालच्या ओळीत मला मात्र 'भवदीया' व्हावं लागतं. मागणारी बाई आहे हे कागदाला कळलंच पाहिजे. देणारी बाई असू शकते, ही शंकाही त्याला येत नाही.

मी राहते इंदुरात, काम पोलोग्राउंडला. नाव ऐकून घोडे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात शेड, लोडिंग टेम्पो आणि वीज वितरण कंपनीचं मुख्यालय. तिथे पुठ्ठ्याचे खोके करायचं माझं छोटं युनिट आहे. नवी पार्टी येते, केबिनमध्ये मला पाहते, माझ्या मागचं कॅलेंडर, कोपऱ्यातला कूलर असं सगळं न्याहाळते आणि विचारते, 'भाभीजी, भिया नहीं हैं?' (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: इंदुरात जगातला प्रत्येक पुरुष भिया असतो.) इथे भिया म्हणजे आमचे हे. ते बँकेत असतात. तीन प्लाय आणि पाच प्लाय यांतला फरक मी त्यांना लग्नापासून समजावते आहे. पण पार्टीला कागदाचा बीएफ, म्हणजे ताकदीचा आकडा, सांगायला भियाच हवेत. माझ्या ओळखीची माणसंही आधी 'भिया कैसे हैं' विचारतात, मग भावाची घासाघीस माझ्याशी करतात. ती करताना मात्र भाभीजी म्हणून कुणी एक रुपया सोडत नाही.

महोदय, तुमचा मला हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणानं. तुमचं लग्न झालंय का, पत्नी हयात आहे का, हे पाकिटावरून कुणाला कळत नाही. लहानपणी तुम्ही चि. होता, मग श्री. झालात आणि शेवटपर्यंत श्री. राहिलात. बाईचं तसं नाही. कु., मग पत्रिकेपुरती चि. सौ. कां., मग सौ., आणि पुढे गं. भा. तिच्या नावामागची ही अक्षरं म्हणजे नवऱ्याच्या तब्येतीचं जाहीर पत्रक. तिनं पीएचडी केली की खोके केले, त्याची यात कुठे नोंद नाही.

यात आम्हा इंदूरच्या मराठी बायकांची जास्तीची फजिती आहे. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे जिचा नवरा आहे ती. जुन्या मराठी घरात 'श्रीमती' म्हणजे जिचा नवरा गेला ती. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर आता सरसकट श्रीमती असतं, त्याची तिकडे सवयही झाली असेल. पण लग्नानंतर माझ्या नावानं हिंदीत पहिलं सरकारी पाकीट आलं, त्यावर 'श्रीमती' पाहून सासूबाईंनी ते दाराबाहेरच ठेवायला लावलं. पोस्टमनला बोलल्या त्या वेगळ्याच. तो बिचारा म्हणतो, 'माताजी, इज्जत से ही तो लिखा है.' आता तोच शब्द हिंदी कार्यालयात माझं कुंकू शाबूत ठेवतो आणि मराठी पंगतीत पुसतो. अशा पाकिटाला काय उत्तर द्यावं, महोदय, तुम्हीच सांगा. तुमच्यावर कधी अशी वेळ आली नाही.

गं. भा. या अक्षरांना अलीकडे पुन्हा बरे दिवस येता येता राहिले. एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करावा, असं पत्र आपल्या खात्याला लिहिलं. गदारोळ झाला, आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असं सांगण्याची पाळी आली. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला होता. एका गावानं प्रथा काढायला घेतली, आणि मंत्रालयात विधवेसाठी जुनंच नाव पुन्हा शोधणं चाललं होतं.

आमच्या इंदुरात तर विधवेला काय म्हणावं याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात गेले. बाईंनी १७६७ ते १७९५ राज्य चालवलं, आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर' लिहिलं जात असे. आज इंदूरचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं, विमानतळ त्यांच्या नावाचा. 'गं. भा. अहिल्याबाई होळकर विमानतळ' अशी पाटी लावायची कुणाची छाती झाली नाही. उलट लोक 'पुण्यश्लोक' म्हणतात. ही कामानं मिळालेली पदवी आहे, नवऱ्याच्या आयुष्यावर बेतलेली नाही.

आमच्या भाषेनं बायकांना पदव्या दिल्या नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. भरपूर दिल्या. वकिलीणबाई, डॉक्टरीणबाई, पाटलीणबाई, सुभेदारीणबाई! फक्त त्यासाठी वकिली यावी लागत नसे, वकिलाशी लग्न व्हावं लागे. पुढे बायका खरोखरच वकील झाल्या, तेव्हा शब्द आधीच अडकलेला होता. डॉक्टर बाईच्या नवऱ्याला काय म्हणावं, यावर मात्र भाषा अजून गप्प आहे.

आणि घरातलं तर विचारूच नका. जुनी मंडळी बायकोला 'कुटुंब' म्हणत. 'आमचं कुटुंब आजारी आहे' म्हणजे सगळं घर तापानं फणफणलेलं नाही, एकटी बाई अंथरुणावर आहे. 'आमची मंडळी माहेरी गेली' म्हणजे गेली एकच. माळव्यात 'हमारे घर से आई हैं' म्हणतात, इथे तर बाई अख्खं घर झाली. सगळं व्हायची मुभा आहे, नावानं हाक मारून घ्यायची तेवढी नाही. आणि 'बाईमाणूस' तर नपुंसकलिंगी: एकटं बाईमाणूस काय करणार!

इंदुरात किला मैदानापाशी मुलींचं सरकारी कॉलेज आहे, महाराणी लक्ष्मीबाई 'कन्या' महाविद्यालय. पदव्युत्तर पदवी घेतली तरी कन्याच. तिकडे होळकर कॉलेज मात्र नुसतं विज्ञान महाविद्यालय. पुत्रांचा उल्लेख नाही. सरकारी योजनांतही तेच. शेतकऱ्याला 'सन्मान निधी', आणि आमच्याकडे बाईला २०२३पासून 'लाडली बहना'. पैसे खात्यात येतात ते चांगलंच. पण हक्काचे पैसे घ्यायला आधी कुणाची तरी बहीण व्हावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना काय हवंय? 'महोदया'? छे. चिपळूणची मुलगी आणि इंदूरची सून असलेल्या सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार झाल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. सभागृहात तुमच्या शेवटी एक काना लावून 'अध्यक्ष महोदया' म्हणत होतेच की. संसदेला काही झालं नाही. त्याआधी २००७ साली आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' शब्दावरून केवढं चर्वितचर्वण झालं! राष्ट्रपतीला राष्ट्रपतीच म्हणायचं ठरलं ते बरं झालं. २०२२मध्ये एका खासदारांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंबद्दल बोलताना 'राष्ट्रपत्नी' हा शब्द वापरून पाहिला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली. मला काना नको, वेलांटीही नको. माझं म्हणणं इतकंच, की कागदावर महोदया लिहून तोंडानं 'भिया कहाँ हैं' विचारणारा माणूस मला 'महोदय' लिहून थेट मलाच भाव विचारणाऱ्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो.

माझ्या मैत्रिणींना हे पटत नाही. त्यातून मी नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि ते मला नावानं हाक मारतात, म्हणजे तर मी पक्की मागासलेली. असू दे. 'अहो' ताणून म्हटलं की चहा, तोडून म्हटलं की भांडण, आणि नुसतं हळूच म्हटलं की पाहुणे आलेत. एवढी सोय कुणाच्या नावात आहे? फक्त हे 'अहो' मी ठरवून म्हणते. ज्या दिवशी कुणी ते माझ्यावर लादेल, त्या दिवशी त्यांना शाळेतल्या टोपणनावानं हाक मारीन.

महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागतं. आमच्याकडच्या अर्जांत अजून 'पति/पिता का नाम' अशी तिरपी रेघ असते. रेघेच्या कुठल्याही बाजूला उभं राहा, आई सापडत नाही. महोदय, तुमच्या हाती शिक्का असतो. तो रकाना तेवढा बदलून घ्या.

आणि वाचकहो, तुमच्याही घरी लग्नमुंज निघेल. पत्रिका छापायला द्याल तेव्हा नावांमागचं कु., सौ., गं. भा. सगळं गाळून नुसती नावं द्या. छापखानेवाला त्याचे पैसे कमी करणार नाही, पण आत्याबाईंना आपलं नाव कोणत्या अक्षराखाली छापलंय ते चष्मा लावून शोधावं लागणार नाही.

आपली,
भवदीयाबिवदीया काही नाही, नुसती खोकेवाली
पोलोग्राउंड, इंदूर