त्यात काय एवढं!

जत्रेतल्या कोलंबसमध्ये शेवटच्या रांगेत बसतात ते शूर आणि मधल्या बाकावर बसतात ते भित्रे, अशी आपल्याकडे सरळ वाटणी आहे. मला ती मान्य आहे. फक्त मधल्या बाकावरून उतरून ‘त्यात काय एवढं!’ म्हणणाऱ्यांना थोडं गणित दाखवावंसं वाटतं. होडी दोन्हीकडे 60 अंशांपर्यंत जाते असं धरू. तळातून सुसाटताना मधल्या माणसाला बाकाकडून दुप्पट रेटा मिळतो, म्हणजे 2 जी. 60 किलोचे गृहस्थ तेवढ्यापुरते 120 किलोंचे होतात. होडी वर टोकाला क्षणभर थबकते तेव्हा त्यांचं वजन निम्मं, 30 किलो भासतं. शेवटची रांग मात्र मध्यापासून आणखी 30 अंश पुढे असली, तर तिथल्या तेवढ्याच वजनाच्या माणसाच्या वाट्याला जेमतेम 8 किलो उरतात. तिकीट एकच, पण दोघं एकाच पाळण्यात बसलेले नसतात.

यावर कुणी म्हणेल, घाबरवतात ते वेग आणि उंची. पण वेग सगळ्यात जास्त असतो तळाला, आणि किंकाळ्या ऐकू येतात वरून. दांडा 10 मीटरचा असला तरी तळाचा वेग ताशी 36 किलोमीटरच्या आसपास. त्याहून जोरात धावणाऱ्या एसटीत लोक शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपतात. उंचीचं म्हणाल, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माणसं निवांत कपडे वाळत घालतात. पोटात गोळा येतो तो बाकाचा रेटा नाहीसा झाल्यामुळे: एरवी एकमेकांवर रेलून असलेले आतले अवयव एकाएकी सैल पडतात, आणि आपण पडतोय अशी वर्दी कान मेंदूला देतो.

मग मोठ्या होडीत जोर जास्त असेल ना? नाही. दांडा लांब केला की वेग वाढतो, पण वळणही तेवढंच सैल होतं. हिशेबातून लांबी गळून पडते आणि कोन तेवढा उरतो. अंगणातला झोपाळा 60 अंशांवरून सोडला तर तोही तळाला 2 जीच देईल. वाढतो तो वेळ: दांडा चौपट, तर हेलकावा दुप्पट लांब. मोठी होडी जास्त जोर विकत नाही, पोटातला गोळा जास्त वेळ टिकवून देते. म्हणून मधल्या बाकावरच्यांनी बढाई खुशाल मारावी, फक्त 22 किलो वजा करून.