सगळेच मेजर

माजी सैनिक संघटना म्हणजे सैन्यातून सुटलेल्या माणसांनी पुन्हा हजेरी देण्यासाठी स्वतःच्या हाताने तयार केलेली सोय. पंधरा-सतरा वर्षे सकाळ-संध्याकाळ ज्याची मोजदाद झाली, त्याला घरी आल्यावर कोणीच मोजत नाही. बायको मोजत असते, पण ती वेगळ्या अर्थाने. अशा संघटना महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला आहेत, काही तालुक्यांत एकीपेक्षा जास्त आहेत. याचे एक कारण कायद्यात आहे. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याला सात सभासद पुरतात. त्यामुळे आठव्याचे मत वेगळे पडले की त्याला आणखी सहा जण शोधायचे, एवढेच काम उरते.

गोंदिया जिल्ह्यातले कोहमारा हे गाव असा मेळावा कसा जमतो हे समजून घ्यायला सोयीचे आहे. सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव चौकासाठी ओळखले जाते. नागपूरहून रायपूरकडे जाणारा, पूर्वी ६ नंबरचा आणि आता ५३ नंबरचा महामार्ग आणि गोंदियाहून गोरेगावमार्गे नवेगावबांधकडे उतरणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. देवरीचा माणूस इकडून येतो, साकोलीचा तिकडून, अर्जुनी मोरगावचा खालून. ठरल्या वेळी ठरल्या जागी एकत्र जमायच्या ठिकाणाला फौजेत ‘आरव्ही’ म्हणतात. सिव्हिलमध्ये त्यालाच चहाची टपरी म्हणतात. ‘सिव्हिल’ हा शब्द इथे दवाखान्याचा नव्हे. सैन्य सोडून उरलेल्या सगळ्या जगाला फौजी माणूस सिव्हिल म्हणतो, आणि त्या जगात वीस वर्षे राहूनही तो त्याच्याविषयी पाहुण्यासारखाच बोलतो.

या भागातल्या माजी सैनिकाच्या कागदपत्रांना इतिहासाने एक गाठ मारून ठेवली आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. म्हणजे तेव्हा सीमेवर असलेल्या जवानाचा, तो देशाची हद्द राखत असताना, मागे घरी जिल्हा बदलला. भरतीच्या कागदावर भंडारा आणि आधार कार्डावर गोंदिया असे ज्याचे आहे, त्याला आपण जागचे हललो नाही हे पटवून देण्यासाठी बराच प्रवास करावा लागतो.

सभासदत्वाला वयाची अट नसते, आणि असायची गरजही नाही. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तीस-छत्तिसाव्या वर्षी ‘माजी’ होऊन गावी येतो. त्याच्या वर्गातला मुलगा तोवर शिक्षक म्हणून नुकता कायम झालेला असतो, आणि हा चौकात पेन्शनर म्हणून ओळखला जातो. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला माणूसही बहुधा माजी सैनिकच. अशी दुसरी नोकरी धरलेले सभासद बैठकीला रजा टाकून येतात. शेती करणारे रोवणीच्या दिवसांत येत नाहीत. निव्वळ पेन्शनवर असलेले येतात, आणि तेच सर्वांत कमी वेळ असल्याचे सांगतात.

आता हुद्द्याचा प्रश्न, कारण उरलेले सगळे प्रश्न याच्या पोटात आहेत. सैन्यात शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी उतरंड असते, आणि त्यातली एकेक पायरी चढायला वर्षे जातात. गावात ही सगळी शिडी मोडीत निघते. एस.टी.तून काळी पेटी आणि होल्डॉल घेऊन उतरलेला माणूस, कोणत्याही हुद्द्याचा असो, चौक ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मेजर झालेला असतो. “बसा जी मेजर,” असे पानठेलेवाला म्हणाला की नेमणूक कायम. याचा उगम कंपनी हवालदार मेजर, बॅटरी हवालदार मेजर या खऱ्याखुऱ्या नेमणुकांत असावा, असे म्हणायला जागा आहे. त्यातला हवालदार वाटेत गळला आणि मेजर तेवढा गावी पोहोचला. पण जो नाईक म्हणून सुटला, तोही मेजरच. त्याने पहिल्या वर्षी दोन-तीनदा दुरुस्ती सुचवलेली असते. पुढे तो हाकेला ओ देतो.

गावाने केलेली ही समता संघटनेच्या दारात संपते. आत सगळ्यांना सगळ्यांचे खरे हुद्दे ठाऊक असतात, नुसते हुद्देच नव्हे तर पलटणही. बेळगावचा मराठा लाइट इन्फंट्रीवाला, सागरचा महार रेजिमेंटवाला, कामठीचा गार्ड्सवाला हे स्वतःला पायदळ म्हणून थोडे पुढे समजतात. नाशिक रोडचा तोफखानेवाला म्हणतो की पायदळ पुढे जाते ते मागून तोफ चालते म्हणून. जबलपूरचा सिग्नलवाला सांगतो की तोफ कुठे टाकायची हे कळवतो कोण. रसदवाला सर्वांत शेवटी बोलतो, “जेवण कोण पोचवत होतं?” आणि तिथे वाद थांबतो, कारण तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

संघटनेचा अध्यक्ष मात्र मतांनी निवडला जातो, आणि मत हा प्रकार पलटणीत कधी नव्हता. निवडणुकीत ज्याचा गोतावळा मोठा तो निवडून येतो. त्यामुळे अध्यक्षाच्या खुर्चीवर नाईक आणि समोरच्या रांगेत ऑनररी कॅप्टन असा प्रसंग उद्भवतो. ऑनररी कमिशन हे निवडक ज्येष्ठ सुभेदारांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या मुहूर्तावर मिळते, आणि ते मिळालेला माणूस तालुक्यात विरळा असतो. अध्यक्षाने त्याला ‘साहेब’ म्हणायचे, की त्याने अध्यक्षांना? संघटनेच्या घटनेत याचे उत्तर नाही. व्यवहारात दोघे एकमेकांना साहेब म्हणतात आणि दोघांचेही अर्धेच समाधान होते. त्यातून कॅप्टनसाहेब खुर्चीवरून उठले की अध्यक्षही उठतो. त्याला उठायचे नसते, गुडघे आपोआप उठतात.

बैठकीची वेळ हा स्वतंत्र विषय आहे. अकराची बैठक असेल तर पावणेअकराला सगळे खुर्च्यांवर बसलेले असतात, साडेदहाला आलेले पावणेअकराला आलेल्यांकडे घड्याळ पाहून बघतात, आणि सचिव हजेरी घेऊन ‘नफरी’, म्हणजे हजर माणसांचा आकडा, सांगतो. हे सुरळीत चालते, फक्त बाहेरचा प्रमुख पाहुणा बोलावलेला नसावा लागतो. तो आला तर एक-दीडला येतो. तोपर्यंतचे अडीच तास शिस्तीत बसून काढायचे प्रशिक्षण या लोकांकडे आहे. सियाचीनच्या चौकीवर तीन-तीन महिने काढलेला माणूस आमदाराची वाट बघू शकतो.

सियाचीनचा किस्सा याच वेळात होतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘मेघदूत’ मोहिमेत ती हिमनदी भारतीय सैन्याने ताब्यात घेतली, आणि तेव्हापासून तिथली पाळी करून आलेल्यांचा ओघ थांबलेला नाही. कोहमाऱ्यात मे महिन्यात, पंखा बंद आणि सावलीतही घाम अशा दुपारी, या किस्स्याला विशेष मागणी असते. एरवी न ऐकणारी माणसेही तेव्हा जवळ सरकून बसतात.

चर्चेचे विषय ठरलेले आहेत. पहिला कॅन्टीनचा. सैन्याचे कॅन्टीन कामठीला, म्हणजे साकोली, लाखनी, भंडारा आणि नागपूर ओलांडून पलीकडे. १८२१ मध्ये इंग्रजांनी वसवलेली ती छावणी, आणि कोहमाऱ्याहून ती सव्वाशे किलोमीटरच्या घरात. “कामठीले जाता का जी?” असा निरोप फिरला की सात-आठ जण मिळून गाडी ठरवतात. साबण, चहापत्ती, कुकर आणि ट्रॅकसूट यांवर जी बचत होते ती डिझेल आणि वाटेतल्या नाश्त्यात बरोबर खर्च होते, हिशेब जुळतो. कॅन्टीनचे एक कार्ड या सामानाचे, दुसरे रमचे. त्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे कमी-जास्त, त्यामुळे गावात मेजर असलेला माणूस काउंटरवर पुन्हा नाईक होतो. या कार्डाचा परिणाम नातेसंबंधांवर होतो. कोहमाऱ्याहून दक्षिणेला उतरणारा रस्ता पुढे वडशाला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात पोहोचतो, आणि त्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बाटलीला ती हद्द ओलांडता येत नाही. पाहुण्याला येते. वडशाकडच्या मेहुण्याला बहिणीची आठवण नेमकी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात का होते, याचे दुसरे स्पष्टीकरण सापडलेले नाही.

दुसरा विषय पेन्शन. समान हुद्दा आणि समान सेवा असेल, तर निवृत्ती कोणत्याही वर्षीची असो, पेन्शन समान, हे ‘वन रँक वन पेन्शन’चे तत्त्व. दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, २०१५ मध्ये सरकारने ते मान्य केले आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरले. तत्त्व एका ओळीचे आहे, तक्ते कित्येक पानांचे. ते तक्ते प्रयागराजच्या कार्यालयातून निघतात. पुण्य आणि पेन्शन दोन्हींसाठी एकाच गावाकडे तोंड करून बसलेला हा बहुधा एकमेव समाज असावा. तक्त्यात बोट फिरवून आपली ओळ शोधणे, मग शेजाऱ्याची शोधणे आणि दोहोंतला फरक मोठ्याने वाचणे हा बैठकीतला सर्वांत एकाग्रतेचा भाग.

नोव्हेंबर हा जिवंत असल्याचा दाखला देण्याचा महिना. २०१४ पासून तो यंत्रावर अंगठा ठेवूनही देता येतो. पण नोव्हेंबरमध्येच धान कापणीला येतो, आणि कापणीने घासलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. समोर उभा असलेला माणूस ‘मी जिवंत आहे’ असे सांगतो, यंत्र नाही म्हणते, आणि रांगेतले सगळे यंत्राची बाजू घेतात.

तिसरा विषय ‘पार्ट टू ऑर्डर’. जवानाचे लग्न अक्षता पडल्यावर होते असे घरच्यांना वाटते. सैन्याच्या दृष्टीने ते ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाल्यावर होते. मुले जन्मतात तीही याच कागदावर. हा कागद भरणारा कारकून तामिळ किंवा पंजाबी असायचा आणि सांगणारा झाडीपट्टीतला, त्यामुळे नावांचे जे व्हायचे ते झाले. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. माहेरचे कौसल्या, सासरचे सुनंदा, रेकॉर्डात ‘कोशला देवी’, आणि आधार कार्डावर यांपैकी एकही नाही. संघटनेच्या सचिवाची खरी किंमत इथे कळते. प्रतिज्ञापत्र कसे करायचे, वर्तमानपत्रात नावाची जाहिरात कुठे द्यायची आणि रेकॉर्ड ऑफिसला कोणत्या भाषेत लिहायचे, म्हणजे उत्तर येते, ही विद्या त्याच्याकडे असते. लढाईत मिळालेल्या पदकापेक्षा या विद्येला सभासद जास्त मानतात, आणि लेखकाच्या मते ते बरोबरच आहे.

वर्षाचे सण ठरलेले आहेत. १५ जानेवारीचा सेना दिन, २६ जुलैचा कारगिल विजय दिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि त्याआधी ७ डिसेंबरचा ध्वज दिन. १९४९ पासून या दिवशी निधी गोळा होतो आणि छातीला छोटा झेंडा लावला जातो. गावातल्या शाळेत झेंडावंदनाला संघटनेला बोलावणे असते. तिथे माजी सैनिक पदके लावून, बेरे चढवून उभे राहतात आणि मुलांच्या रांगा पाहून अस्वस्थ होतात. शेवटी एखाद्याला राहवत नाही. “दहिने सज!” असा आवाज येतो, आणि मुख्याध्यापकही सरळ होतात.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवणे हे संघटनेचे सर्वांत उपयोगी काम. पहाटे अंधारात कोहमाऱ्याच्या बाजूच्या रस्त्यांवर मुले १६०० मीटर धावत असतात आणि कोणीतरी शिटी घेऊन उभा असतो. इथे पगार नाही, मानधन नाही, तरी उशिरा आलेल्याला पाच दंड. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून या शिटीत थोडा संभ्रम मिसळला आहे. चार वर्षांची नोकरी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीचे घरी, पेन्शनशिवाय. शासन त्यांना माजी सैनिक म्हणत नाही. मग संघटनेने त्यांना घ्यायचे का, यावर एका बैठकीत एकमत होत नाही. ज्येष्ठ म्हणतात घटनेत दुरुस्ती लागेल. शिटीवाला म्हणतो, धावताना मी घेतलंच ना. पानठेलेवाल्याला हा पेच नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पाठीवर बॅग टाकून गाडीतून उतरणारा तो मुलगाही चौक ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मेजर झालेला असेल.

सभासद वारला तर संघटना जाते. बोलवावे लागत नाही. पुष्पचक्र वाहिले जाते, टोप्या चढतात, सलामी होते, आणि या एका प्रसंगी कोण पुढे आणि कोण मागे याची चर्चा होत नाही. तेरवी झाल्यावर सचिव फाईल घेऊन घरी येतो. कुटुंब पेन्शनचा अर्ज, मृत्यूचा दाखला, पतिपत्नीचा जोडफोटो. मग तो विचारतो, “बाई, रेकॉर्डात तुमचं नाव कोणतं लागलंय?” बाईंना ते माहीत नसते. तो पेन्शन ऑर्डर उघडतो आणि वाचतो, ‘कोशला देवी’. पुढचे सहा-आठ महिने टपाल, प्रतिज्ञापत्र, पुन्हा टपाल असे जातात, आणि पेन्शन सुरू होते.

त्यानंतरच्या बैठकीला सचिव हजेरी घेतो तेव्हा नफरी तेवढीच भरते. एक नाव कमी झालेले असते, एक वाढलेले. बाई पहिल्या रांगेत, कॅप्टनसाहेबांच्या शेजारी बसलेल्या असतात. कॅन्टीनचे कार्ड आता त्यांच्या नावाचे, कोटा नवऱ्याच्या हुद्द्याचा. चौकात उतरल्यावर पानठेलेवाला त्यांना हुद्दा विचारत नाही. “बसा जी मेजरीणबाई,” म्हणतो.