ठाण मांडून बसलेल्या साहेबांस

श्री. थोरियम डायॉक्साइड यांस,

स. न. वि. वि.

आपल्याइतका स्थिर गृहस्थ आवर्तसारणीच्या तळमजल्यावर दुसरा नाही, म्हणून तक्रार करायला जरा संकोच वाटतो. सुमारे ३,३०० अंश सेल्सिअसपर्यंत आपण वितळतसुद्धा नाही. घरची मांडणी तर काय वर्णावी! प्रत्येक थोरियमभोवती आठ ऑक्सिजन, घनाच्या आठ कोपऱ्यांवर. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार थोरियम. थोरियमने चार इलेक्ट्रॉन दिले की व्यवहार संपला, पाचवा मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार. शेजारच्या युरेनियम डायॉक्साइडचं घर याच नकाशाचं, पण तो पडला दिलदार. हवेत तापवला की जादा ऑक्सिजन घरात घेतो, फुगतो, शेवटी भिंतीच मोडून बसतो. नायट्रिक आम्लातही सहज विरघळतो. आपण त्यात उकळूनही ढिम्म!

आपल्या या सज्जनपणावरच डॉक्टर भाळले. विरघळत नाही, कुणाशी संयोग करत नाही, क्ष-किरण मात्र छान अडवतो. रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला आणखी काय हवं? ‘थोरोट्रास्ट’ नावाच्या द्रवातून आपण शिरांमध्ये उतरलात. १९३१ साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या बघायला आपल्याला मानेच्या धमनीतून धाडलं. (त्यांना १९४९ साली नोबेल मिळालं ते मेंदूत कापाकापी करण्याबद्दल, हा योगायोगही आपल्या संगतीला शोभतो.) फोटो सुरेख आले. मग निरोप घ्यायचा की नाही? आपण यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात बैठक मारलीत. निम्मा ऐवज बाहेर पडायला सुमारे चारशे वर्षं! तोवर आपल्यातल्या किरणोत्सर्गी थोरियमचा बसल्या जागेवरून अल्फा कणांचा मारा. वीस-तीस वर्षांनी यकृतात कर्करोग उभा राही, तेव्हा पेशंट तो जुना फोटो कधीच विसरलेला असे. कसली ही सोशिक चिकाटी, साहेब!

आमच्या ट्रॉम्बेच्या अणुशास्त्रज्ञ मंडळींशीही आपण असेच वागता. होमी भाभांनी अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा आपल्या भरवशावर आखला, कारण केरळच्या वाळूत थोरियम मुबलक. (तिथे तो फॉस्फेटच्या आडनावाने राहतो, ते असो.) पण थोरियम स्वतःहून पेटत नाही. आधी न्यूट्रॉन खाऊन त्याचं युरेनियम-२३३ व्हायचं आणि मग ते आपल्या पोटातून सोडवायचं. त्यासाठी आपल्याला विरघळवायला नायट्रिक आम्लात चिमूटभर फ्लोराइड घालावं लागतं. ते आपल्याआधी पोलादी भांडंच खायला धावतं, म्हणून त्याला आवरायला ॲल्युमिनियम नायट्रेट. एका पाहुण्याला उठवायला केवढी ही वरात!

आणि वरातीवरून आठवलं. ती पेट्रोमॅक्सची बत्ती, डोक्यावर घेऊन बायामाणसं नवरदेवापुढे चालत, तिच्या मेंटलमध्ये आपणच होतात: ९९ टक्के आपण आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड. तो नसता तर आपला उजेड फिकाच पडला असता. श्रेय मात्र त्याला कुणी दिलं नाही.

कळावे,
आपला,
एक उजेड पाहिलेला

ता. क. परवा माळ्यावर आमची जुनी बत्ती सापडली. मेंटल अजून जागेवर होतं, पांढरंशुभ्र. ३,३०० अंशांना दाद न देणारे आपण, मी नुसतं बोट लावलं आणि भुगा झालात. हात दोनदा साबणाने धुतले.