फ्रान्सवाले सर

प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक डान्सवाले सर असतातच. मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीवर गणपती आणि मायकल जॅक्सन शेजारीशेजारी. हिवाळ्यात शाळांची गॅदरिंगं, उन्हाळ्यात लग्नांची संगीतं. मधले महिने सर उधारीवर काढतात. आमच्या हिंगोलीचे सर याच जातकुळीतले, फक्त त्यांना मध्येच फ्रान्स चावला.

निमित्त मुंबईतल्या एका कार्यशाळेचं. फ्रान्सहून हिपहॉपवाल्यांचा ताफा आला होता, शिकवणी फुकट होती. सर रात्रीच्या गाडीनं गेले आणि परतले ते 'बोंजूर' करतच. क्लासच्या पाटीवरचं 'वेस्टर्न, फिल्मी, लावणी' पुसलं गेलं आणि तिथे 'हिपहॉप व परफॉर्मन्स आर्ट (इंडो-फ्रेंच)' असं आलं. खालची 'मेहंदी काढून मिळेल' ही ओळ मात्र वहिनींनी पुसू दिली नाही. घर तिच्यावर चालतं.

सरांची माहिती पक्की असते, हे मान्य केलं पाहिजे. हिपहॉप १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये जन्मलं, हे ते नाकारत नाहीत. 'पण बारसं पॅरिसला झालं,' म्हणतात. पुरावा म्हणून १९८४ काढतात. त्या साली तिथल्या टीएफ-वन वाहिनीवर सिडनी नावाच्या निवेदकानं दर आठवड्याला हिपहॉपचा कार्यक्रम सुरू केला. तोवर खुद्द अमेरिकेतही देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर कोणी असं केलं नव्हतं. पुढे तिथल्या सरकारनं या पोरांना नाट्यगृहं दिली, अनुदानं दिली. 'अनुदान' हा शब्द सर डोळे मिटून उच्चारतात.

मुराद मेर्झुकी आणि कादर अट्टू हे त्यांचे विठ्ठल-रखुमाई. दोघंही लिऑनजवळच्या साँ-प्रिएस्तमधून वर आलेले, अल्जीरियातून आलेल्या कुटुंबांतले. पॅरिसचे नव्हेत, यावर सरांचा भर. 'म्हणजे मुंबईचे नाहीत, आपल्या सेनगावचे समजा!' अट्टूनं २००० साली हिपहॉप आणि भारतीय नृत्य एकत्र आणून 'अनोखा' नावाचा प्रयोग बसवला होता. सरांच्या मते ही फ्रान्सची उधारी आहे आणि ती फेडायची जबाबदारी हिंगोलीवर येते. हिंगोलीवरच का, असं विचारायचं नसतं.

पालकांना यातलं काही पटत नाही. वसमतकडचे एक काका तक्रार घेऊन आले. 'सर, पोरगं घरी डोक्यावर गरागरा फिरायलंय. हळद पॉलिश करायच्या ड्रमवानी.'

'काका, त्याला हेडस्पिन म्हणतात.'

'काय बी म्हणा. पण ते डोस्कं बारावीला लागणार हाय.'

सरांनी मग औंढा नागनाथ काढलं. पुजारी नामदेव महाराजांना कीर्तनाला देवळामागं जा म्हणाले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी अजून मागच्या बाजूलाच आहे. 'जगातला पहिला स्पिन आपल्या जिल्ह्यात झाला, काका!' काका नरम पडले आणि हळद विकली की फी देतो म्हणाले. शेजारी बसलेले एक कीर्तनकार बुवा मात्र म्हणाले, 'देऊळ भक्तीनं फिरलं. तुमची पोरं रीलसाठी फिरतात.' सर वहीत काहीतरी लिहू लागले. मला वाटलं, वर्मी लागलं. डोकावून पाहिलं तर लिहिलं होतं : बुवांना पुढच्या वर्कशॉपला बोलावणे.

परफॉर्मन्स आर्टचा प्रयोग त्यांनी दसऱ्यात केला. आमचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, रामलीला मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. तिथे सर अंगभर हळद माखून, हात पसरून, निश्चल उभे राहिले. विषय होता 'माती आणि माणूस'. पहिल्यांदा एकानं विचारलं, 'नवरदेव, वऱ्हाड कुठंय?' एका आजीनं पायाशी दहाची नोट ठेवून नमस्कार केला. होमगार्डनं परवानगी मागितली. कलाकृती बोलू शकत नसल्यामुळे वहिनींना येऊन उत्तर द्यावं लागलं. मग मार्केटातला एक व्यापारी जवळ आला, सरांच्या कोपराची हळद बोटावर घेतली, चोळली, वास घेतला. 'ही आपली न्हाई. सांगलीची हाय.' वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून लोक या बाबतीत हळवे झाले आहेत. गर्दीत कुजबुज वाढली आणि 'माती आणि माणूस' आटोपता घ्यावा लागला.

त्याच वर्षी ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकमध्ये हिपहॉपमधलं ब्रेकिंग आलं. सरांनी क्लासच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून पालकांना बोलावलं. पालकांनी नेमकी ऑस्ट्रेलियाची रेगन पाहिली. पेशानं प्राध्यापिका, कांगारूसारख्या उड्या, तीन लढतींत मिळून परीक्षकांचं एकही मत नाही. 'एवढं तर आमचं बी करतंय की!' असं म्हणून तिघांनी तिथल्या तिथे पोरांची नावं घातली. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या खेळांत ब्रेकिंग नाही, हे कळलं तेव्हा सर फक्त एवढंच म्हणाले, 'बारसं पॅरिसला झालं ना, त्याचा राग.'

त्यांचा पत्रव्यवहारही चालू असतो. पॅरिसच्या ऑपेरानं २०१९ साली 'ले झांद गालांत' ही संगीतकार रामोची १७३५ मधली रचना क्रम्प आणि हिपहॉप नाचणाऱ्यांना घेऊन गाजवली. सरांनी कळवलं की नावात 'इंडिज' आहे, आत तुर्क, इराणी, पेरूचे इंका, अमेरिकेतले आदिवासी आहेत. आमचं कोणीच नाही. ती जागा हिंगोली भरून काढेल, प्रवासखर्च आपला. उत्तर अजून यायचंय. पोस्टमन हल्ली सरांना पाहिलं की सायकल गल्लीत वळवतो.

सध्या त्यांची आशा औंढ्याजवळच्या लिगोवर आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा उभी राहिली की व्हर्गोवाले येणारच, असा त्यांचा हिशेब. व्हर्गो ही इटलीतली तसलीच वेधशाळा फ्रान्स आणि इटलीनं मिळून उभारली. म्हणजे फ्रेंच माणूस औंढ्याला येणार, उतरणार हिंगोलीला. स्टेशनवर बावीस पोरं ओळीनं उभी राहून हातातून हात लहर काढतील. पॉपिंगमध्ये तिला वेव्हच म्हणतात. तालीम आत्तापासून रोज असते. काकांचं पोरगं दहाव्या जागी आहे आणि लहर त्याच्यापाशी पोचली की हटकून अडकते.

'सर, ते यायला अजून लै वर्षं हायत,' काका म्हणाले.

'म्हणूनच आत्ता सुरू केलं. सत्काराला काय द्यावं, काका? हळदीचं पाकीट?'

'द्या. पण या टायमाला मी आणून देतो.'